वाचनालयाचं मंगल कार्यालय झालं तर झालं

गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा लांबलचक मेसेज आला. सर म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, गावच्या वाचनालयाचे आजीव सभासद आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत अजूनही सगळ्या गावाचे तपासनीस. त्यांची तक्रार अशी, की नव्या कार्यकारिणीने वाचनालयाचं मंगल कार्यालय करून टाकलंय. जानेवारीत सभागृहात हळदीकुंकू झालं. उन्हाळ्यात मुलांचं शिबिर, त्यात म्हणे मातीकाम. मग मधुमेह तपासणी, मग बचत गटाच्या बायकांना मोबाइल बँकिंगचं प्रशिक्षण. आणि दर रविवारी बालविभागात गोष्टींचा तास असतो, तेव्हा संदर्भ विभागात बसणाऱ्याचं डोकं उठतं. शेवटी निकाल दिला होता: "पुस्तक देणं आणि परत घेणं हे वाचनालयाचं काम. बाकीचे तमाशे करायला गावात जागा कमी नाहीत."

खाली नेहमीसारखे अंगठे आणि जोडलेले हात. एका वर्गमित्राने, तोही गेली कित्येक वर्षं पुण्यात राहणारा, भर घातली, "परदेशात लायब्ररीत टाचणी पडली तरी ऐकू येते." ह्या वाक्याने माझं टाळकं सरकलं. सरांचं एक वेळ समजू शकते, ते निदान रोज वाचनालयात जातात. पण परदेशाच्या नावाने कुणीही काहीही ठोकून द्यायचं आणि परदेशात राहणाऱ्याने मात्र तोंड उघडलं की "झालं हिचं सुरू", हा कुठला न्याय?

टाचणी म्हणे. मी इंग्लंडमध्ये मिडलंड्समधल्या एका मध्यम गावात राहते. इथल्या वाचनालयात मंगळवारी सकाळी ऱ्हाइमटाइम असतो. दाराशी बाबागाड्यांची अशी गर्दी होते, की पुस्तक परत करायच्या यंत्रापर्यंत पोहोचायला कसरत करावी लागते. वीसेक बाळं आणि त्यांच्या आया, एखाददुसरा बाप, एखादी दमलेली आजी, सगळे गालिच्यावर गोल करून बसतात आणि बेसूर आवाजात बडबडगीतं म्हणतात. ग्रंथपालबाई मधोमध डफलीसारखं काहीतरी वाजवत असतात. बुधवारी विणकामवाल्या येतात, त्यांचं विणणं कमी आणि बोलणं जास्त. शनिवारी लेगो. महिन्यातून एकदा हाय-व्हिज, म्हणजे लांबून चमकणारं जाकीट घातलेली पोलीसबाई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते आणि लोक तिला पार्किंगची गाऱ्हाणी सांगतात. कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या तिथेच, फूड कॅडीच्या, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्याच्या पिशव्या तिथेच, बस पासचा फॉर्म भरून घ्यायला मदतही तिथेच. २०२२ च्या हिवाळ्यात गॅसची बिलं भडकली, तेव्हा दारावर चक्क पाटी लागली, की इथे ऊब आहे, आत येऊन बसा, पुस्तक घेतलंच पाहिजे असं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी सहा पुस्तकं वाचायची योजना असते. १९९९ पासून देशभर चालते. सहावं पुस्तक संपलं की पदक. आता ते पोर आत येतं कशासाठी? लेगोसाठी. जाताना हातात पुस्तक असतं, कारण पुस्तकांच्या मधूनच बाहेर पडावं लागतं. हे इतकं सरळ आहे, की ह्यावर सर परिच्छेदामागून परिच्छेद का लिहितात ते मला कळत नाही.

आणि म्हणून इथले लोक वाचत नाहीत असं कुणी समजू नये. मोठ्या टायपातल्या कादंबऱ्यांचं कपाट बघा. कुठलंही पुस्तक उघडून शेवटचं पान पाहिलं, की पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसतात. एक फुली, एक त्रिकोण, कुठे दोन आद्याक्षरं, कुठे पृष्ठक्रमांकाभोवती गोल. ह्या म्हाताऱ्या वाचकांच्या खुणा. आपण हे पुस्तक आधी वाचलंय का, हे घरी नेण्याआधी कळावं म्हणून प्रत्येकाने आपली खूण ठरवलेली असते. पुस्तकावर लिहू नये हा नियम सगळ्यांना माहीत असतो, ग्रंथपालांना खुणा दिसतात, कुणी काही बोलत नाही. त्या कपाटासमोर अर्धवट जुळवलेलं जिगसॉचं कोडं पसरून ठेवलेलं असतं. येणारा-जाणारा दोन तुकडे बसवतो आणि पुढे जातो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. जरा फोडणी देऊनच लिहिलं. शिवाय सरांना विचारलं, की वाचनालयाने फक्त पुस्तकंच द्यायची हे ठरलं कधी? आपल्याकडे तर असं कधीच नव्हतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं १८५० चं. ह्यांतली पहिली तीन इंग्लंडच्या पहिल्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याहून जुनी, कारण तो आला १८५० मध्ये. ह्या संस्थांनी काय फक्त पुस्तकं दिली आणि घेतली? व्याख्यानं झाली, वाद झाले, सत्कार झाले, नाटकवाले येऊन गेले. महाराष्ट्रात वाचनालय आणि व्याख्यानमाला ही जोडी इतकी जुनी आहे, की एकीचं नाव काढलं की दुसरी आठवते. आमच्याच गावात सरांनी स्वतः वसंत व्याख्यानमालेचं अध्यक्षपद भूषवलंय, शाल-श्रीफळ घेतलंय. म्हणजे पुरुषांनी खुर्च्यांवर बसून दीड तास भाषण ऐकलं तर ते ज्ञानकार्य, आणि बायका सतरंजीवर बसून मोबाइलवरून पैसे कसे पाठवायचे ते शिकल्या तर तमाशा.

बडोद्याचं उदाहरण तर हमखास लागू पडणारं. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून घेतला आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. पुस्तकांनी भरलेल्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जायच्या. त्याच ग्रंथालय खात्याचा एक विभाग गावागावांत मॅजिक लँटर्नचे आणि सिनेमाचे खेळ दाखवायचा. अक्षरओळख नसलेल्याला वाचनालयाशी आपलं काही देणंघेणं आहे असं वाटावं, तर आधी त्याला आत आणायला हवं, ही अक्कल शंभर वर्षांपूर्वी मराठी राजाच्या संस्थानात होती. आमच्या गावात अजून मेसेज फिरताहेत.

सरांच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो त्यांनी मांडला नाही, म्हणून मी मांडते. आमचं वाचनालय शासनमान्य 'ड' वर्ग आहे, म्हणजे सगळ्यांत खालचा. ह्या वर्गाला वर्षाला तीस हजार रुपये अनुदान मिळायचं. वर्षाला, महिन्याला नव्हे. दहाएक वर्षं ते तिथेच अडकलं होतं. मग साठ टक्के वाढ झाली, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. त्यात ग्रंथपाल सांभाळायचा, पुस्तकं घ्यायची, वर्तमानपत्रांचं बिल भरायचं, वीज भरायची. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, पण त्यात ग्रंथालयासाठी वेगळा उपकर नाही. कर्नाटकात आणि तमिळनाडूत मालमत्ता करावर तो लावतात. २०१२ मध्ये राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नव्या मान्यता आणि वर्ग बदलून मिळणं हे सगळं वर्षानुवर्षं बंद राहिलं. आमच्या वाचनालयाच्या पत्रव्यवहाराच्या फायलीत 'ड' चं 'क' व्हावं म्हणून केलेले अर्ज एकावर एक लावलेले आहेत. इतक्या पैशांत कार्यक्रम कुठून करणार? नव्या कार्यकारिणीने ते जमवलं, कारण शिबिराला पालकांनी पैसे दिले, तपासणीला गावातल्या डॉक्टरांनी वेळ दिला आणि हळदीकुंकवाचं वाण बायकांनी आपापलं आणलं. ह्यात वाचनालयाचा रुपया गेला नाही. उलट पन्नास बायका पहिल्यांदा पायरी चढल्या. त्यांतल्या किती वर्गणीदार झाल्या हे कुणी विचारलं का? विचारायला हवं. इथे आमच्या दारावर माणसं मोजायचं यंत्र असतं, आत किती आले त्यावर सगळा हिशेब. गावाकडे सरकारी तपासणीला आलेला साहेब मात्र पुस्तकांची दाखल नोंदवही आणि वर्तमानपत्रांची संख्या बघतो. आलेली माणसं नोंदवायला रकानाच नसेल, तर त्यांची किंमत कोण करणार?

मी असं बरंच काही लिहिलं. त्यावर माझ्या भाच्याने, जो ग्रुपवर एरवी फक्त वाढदिवसाला उगवतो, एक ओळ टाकली: "मावशी, तिकडच्या बंद पडलेल्या लायब्रऱ्यांचं पण लिही की."

कार्ट्याने वर्मावर बोट ठेवलं. पडल्या आहेत बंद. २०१० नंतरच्या दहा वर्षांत ब्रिटनमध्ये जवळपास आठशे वाचनालयं बंद झाली. त्यांखेरीज कितीतरी स्वयंसेवकांच्या गळ्यात मारली गेली. १९६४ चा कायदा सांगतो, की परिपूर्ण आणि कार्यक्षम ग्रंथालय सेवा देणं हे कौन्सिलचं, म्हणजे इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेचं कर्तव्य आहे. पण परिपूर्ण म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही आणि कौन्सिल आपल्या सोयीने ठरवते. बर्मिंगहॅमचं मोठं ग्रंथालय २०१३ मध्ये मलाला यूसुफझाईच्या हस्ते उघडलं. बांधायला अठरा कोटी पौंडांच्या वर खर्च झाला. बाहेरून सोनेरी-काळ्या कड्यांची नक्षी, वर बाग, काय सांगू, डोळे दिपतात. दोन वर्षांत आठवड्याचे ७३ तास कापून ४० वर आणले, कारण चालवायला पैसा नाही. २०२३ मध्ये त्या कौन्सिलने आपल्याकडे पैसे नसल्याचं रीतसर जाहीरच केलं. आमच्या इथल्या गावातही दोन शाखा होत्या, आता एक आहे. उरलेलीचा गुरुवार गेला, मग सोमवारची संध्याकाळ गेली.

ती दुसरी शाखा बंद झाली तेव्हाचं मला नीट आठवतं, कारण मी तिथे जायचे. कौन्सिलने लोकांची मतं मागवली. आम्ही ऑनलाइन फॉर्म भरले. शनिवारी दाराशी फलक घेऊन उभे राहिलो, थर्मासमधून चहा प्यायलो. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. मग पत्र आलं, की सगळ्यांच्या मतांचा विचार करण्यात आला आहे. आणि शाखा बंद झाली. कुणी आवाज चढवला नाही. कुणी कुणाची कॉलर धरणं तर दूरच, कुणाला कुणाचं नावसुद्धा नीट माहीत नव्हतं. माझ्या शेजारी फलक धरून उभी असलेली बाई मला आजही सुपरमार्केटात दिसते आणि आम्ही हवेविषयी बोलतो.

भाच्याच्या त्या ओळीनंतर मी बराच वेळ फोन हातात घेऊन बसले. मला जे मान्य करायचं नव्हतं ते असं, की गावाकडे आमच्यात हे असं कधी झालंच नसतं. बंद पडलं असतं, नाही असं नाही. पण असं गुपचूप, पत्र पाठवून नाही. आमच्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा मी लहानपणी वडिलांबरोबर पाहिली आहे. ताळेबंद वाचून होईपर्यंत लोक चिवडा खात शांत बसायचे, आणि "आयत्या वेळचे विषय" म्हटलं की रण पेटायचं. कपाटाला कुलूप का नाही. अमुक दिवाळी अंक तीन महिने एकाच घरात कसा. कार्यवाहांच्या मेहुण्याकडूनच बाइंडिंग का. एकदा तर माझ्या वडिलांनी राजीनामा खिशातून काढून टेबलावर आपटला होता आणि पुढच्याच महिन्यात परत घेतला होता. ती माणसं त्या वाचनालयाचे ग्राहक नव्हती, लाभार्थीही नव्हती. मालक होती. पन्नास पैशांची का होईना, वर्गणी भरून झालेली मालक. म्हणून तर भांडत होती.

इथे मला सगळं फुकट मिळतं. पुस्तकं, ऊब, बडबडगीतं, फोनवरची ई-पुस्तकं. कौन्सिल टॅक्स भरते, पण त्यातून आपण काही चालवतोय असं कधी वाटत नाही. आपल्याला काही पुरवलं जातंय असं वाटतं. पुरवणाऱ्याने थांबवलं की थांबलं.

तरी माझं इथल्या वाचनालयाशी नातं नाही असं म्हणू कशी? इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात, नवरा कामावर आणि मी घरात, तेव्हा जगातली एवढी एकच जागा होती जिथे आत गेलं की "काय हवंय?" असं कुणी विचारत नसे. कायमच्या वास्तव्याच्या अर्जासाठी बोटांचे ठसे द्यायची वेळ आली, तर बोलावणं आलं ते एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत. काचेवर चार बोटं दाबून धरली होती आणि भिंतीपलीकडे टाळ्या वाजवत पोरं गात होती. कर्मचारी म्हणाला, अंगठा जरा जोरात दाबा, ठसा उमटत नाहीये. भांडी घासून घासून रेषा गेल्या असतील. मतदान केंद्रही आमचं वाचनालयच. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने मी तिथे फुली मारते आणि ह्या देशाचा खासदार निवडते.

मराठी पुस्तक मात्र तिथे एकही नाही. गुजराती आहेत, पंजाबी आहेत, उर्दू, बंगाली, हिंदीसुद्धा थोडी. मी विचारलं तर ग्रंथपालबाईंनी फार आस्थेने ऐकून घेतलं आणि सांगितलं, मागणी दाखवता आली तर मागवता येतील, अजून कोण वाचणारं आहे? मी विचार केला. इथल्या इस्पितळातल्या एका डॉक्टरांच्या आई, त्याही सहा महिने इथे आणि सहा महिने ठाण्याला. बाकी जी मराठी कुटुंबं आहेत त्यांच्या मुलांना मराठी कळतं, वाचता येत नाही. माझ्या मुलीलाही. तिने ती सहा पुस्तकांची पदकं दर उन्हाळ्यात मिळवली, एका खिळ्याला सगळी अडकवून ठेवली आहेत. त्यात मराठी पुस्तक एक नाही. दोन नावांवर मागणी होत नाही.

इतकं झाल्यावर सरांचं उत्तर आलं. त्यांनी माझ्या बडोद्याला हात लावला नाही, व्याख्यानमालेच्या टोमण्यालाही नाही. एवढंच लिहिलं, "पोरी, मुद्दे चांगले आहेत. सभेला ये आणि बोल."

ह्याला काय उत्तर द्यायचं? सभेला मी येणार नाही, हे त्यांना माहीत आहे. आले तरी बोलता येणार नाही. वडील गेल्यावर त्यांची अनामत काढून घेतली, माझं खातं त्याच्या कितीतरी आधी बंद झालं होतं. परक्या देशात मी खासदार निवडते आणि माझ्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला मत द्यायचा मला अधिकार नाही. कार्यवाहांना मी खाजगीत विचारलं, आजीव सभासद व्हायचंय, पैसे पाठवते, काय करावं लागेल? त्यांनी आनंदाने अर्जाचा फोटो पाठवला. त्यात स्थानिक पत्त्याचा रकाना आहे. भावाने घर विकून कोल्हापूरला फ्लॅट घेतला. मी म्हटलं, कुणाचा तरी पत्ता टाका. ते म्हणाले, "ताई, तसं चालेल हो, पण सभेत कुणी आक्षेप घेतला तर?" आक्षेप कोण घेणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मला त्याचा राग आला नाही. खरं तर बरं वाटलं. जिथे आक्षेप घेणारा माणूस जागा आहे, तिथलं वाचनालय कुणी पत्र पाठवून बंद करू शकत नाही.

पण ह्याच बोलण्यात कार्यवाहांकडून एक गोष्ट कळली, जी सरांनी मेसेजमध्ये लिहिली नव्हती. बहुतेक मान आडवा आला असेल. अभ्यासिकेच्या मुलांसाठी जागा हवी म्हणून तळमजल्यावरचा वर्तमानपत्रांचा विभाग माडीवर हलवलाय. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारी पंचवीस-तीस पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात, महिन्याची फी देतात, त्यातून विजेचं बिल निघतं. व्यवहार म्हणून ठीक आहे. पण सकाळी आठला मुक्तद्वार वाचनालयात येणारी मंडळी सत्तरीच्या पुढची. पेपर एकेकाने एकेक पान वाटून घ्यायचा, निधनवार्तांचं पान आधी, आणि मग त्या टेबलाभोवती गावाचं, जिल्ह्याचं आणि दिल्लीचं राजकारण निकालात काढायचं. आता माडीचा जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

म्हणजे मूळ दुखणं हळदीकुंकवाचं नव्हतंच. गावातला सगळ्यांत जुना, रोजचा, बिनपैशांचा कार्यक्रम माडीवर टाकला गेला आणि त्याला कुणी कार्यक्रम म्हणतसुद्धा नाही. इथल्या माझ्या शाखेत खर्च वाचवायला आधी वर्तमानपत्रंच बंद केली. खिडकीशी बसणारे तिघे-चौघे म्हातारे त्यानंतर दिसेनासे झाले, आणि दारावरच्या यंत्राने ते तिघे-चौघे कमी झाल्याचं कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा कार्यकारिणीतल्या मंडळींना, मत नसलेल्या बाईचा हा आयत्या वेळचा विषय. हळदीकुंकू करा, गोष्टींचा तास करा, मातीकाम तर जरूर करा, फरशी पुसता येते. अभ्यासिका मात्र माडीवर न्या आणि पेपरचं टेबल खाली आणा. पोरं पंचविशीतली आहेत, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावतात, त्यांना एक जिना जड नाही. कठड्याची दुसरी बाजू करायला काय खर्च येईल ते कळवा, तेवढे मी पाठवते. पावती वडिलांच्या नावाने फाडा.